अडीच व्होल्ट

४ मार्च
तीसच्या तीस बोर्ड चुकीचे! दवाखान्यातल्या औषधांच्या फ्रिजचं तापमान दाखवणारे हे बोर्ड. प्रत्येकावर स्क्रू फिरवून अडीच व्होल्टचा रेफरन्स लावायचा असतो. बोर्डातली चिप त्यालाच गज, म्हणजे मोजपट्टी, धरून सेन्सरचं व्होल्टेज मोजते. गज आखूड झाला की माप जास्त भरतं, लांब झाला की कमी. धाकटीने लावलेला रेफरन्स तपासला तर २.५८! सगळ्यांवर तेवढाच.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. इथे कारखान्यात मीच चिकटवली. म्हणते, "ताई, माझ्या मीटरवर अडीचच होता." तिचा मीटर दहा जणांच्या हातातला. माझ्या मीटरला मी कुणाला हात लावू देत नाही. काचेच्या कोपऱ्यावर कागदच डकवलाय – 'हात लावू नये'. सगळ्यांदेखत तिला म्हटलं, स्क्रू फिरवायला डोकंही लागतं. जरा जास्तच बोलले, पण चूक ती चूक.

५ मार्च
एकोणतीस बोर्ड स्वतः फिरवून अडीचवर आणले. बोटांची वाट लागली. तिसावा नमुना म्हणून साहेबांच्या कपाटात गेलाय, तो राहिला. साहेबांना सांगून धाकटीला पॅकिंगमध्ये टाकलं.

८ मार्च
माल गेला. घरात धाकटी कामापुरतं बोलते. बोलू दे.

१८ मार्च
एका दवाखान्यातून सिस्टरचा फोन. आमचा आकडा सहाच्या आसपास दाखवत होता म्हणून तिने फ्रिज आणखी गार केला. आता आमचा आकडा चार, आणि आत ठेवलेला काचेचा थर्मामीटर दोन! "अजून थोडं गार केलं असतं तर इन्सुलिन गोठलं असतं हो. गोठून गेलेलं बघून ओळखूही येत नाही. तसंच टोचलं असतं आम्ही." साहेबांनी सगळीकडे फोन करून बोर्ड परत मागवले. मला म्हणाले, "तीन दिवसांत कारण हवं."

१९ मार्च
फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना विजेचा पुरवठा पडतो, तेव्हा बोर्डाचं व्होल्टेज स्थिर धरणारा रेग्युलेटर मान टाकत असणार असं वाटलं. परत आलेल्या बोर्डाचा रेग्युलेटर बदलला, कपॅसिटर वाढवला. ढिम्म फरक नाही. रेफरन्स मोजला – २.५२. म्हणजे गज लांब झालाय, मग माप कमी भरायला हवं. इथे तर जास्त भरतंय. डोकं चालेना.

२० मार्च
संध्याकाळी भांडी पुसताना धाकटी माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, तुमच्या मीटरचा सेल कधी बदललात?"

तडकून म्हटलं, सेल उतरला की मीटरच कोपऱ्यात खूण दाखवतो, एवढं कळतं मला. ह्यांनी पेपरातून डोकं वर काढून विचारलं, "कुठल्या कोपऱ्यात?"

ह्यांना मध्ये बोलायची सवयच आहे. पण जेवण गेलं नाही.

२१ मार्च
कागद खरवडून काढला. खाली बॅटरीची खूण, ठसठशीत. कधीपासून होती कोण जाणे. सेल उतरला की मीटरचा स्वतःचा गज आखूड होतो आणि तो सगळंच वाढवून सांगतो. परवा दिवसभर बोर्डात शोधत होते तो पडलेला पुरवठा मीटरमध्येच!

नवा सेल घातला. परत आलेला बोर्ड मोजला – २.४२. साहेबांच्या कपाटातून तिसावा काढला, धाकटीच्या हातचा. २.५०.

साहेबांना सांगितलं. मग पॅकिंगमध्ये गेले. तिला बोलले होते सगळ्यांदेखत, म्हणून सगळ्यांदेखतच सांगितलं की चूक माझी. धाकटीने हात पुसले आणि माझा मीटर मागितला.

दिला.