रिलीव्हर येईपर्यंत

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
नोकरी लागली! म्हणून ही नवी वही. अंबरनाथ एमआयडीसीतली केमिकल कंपनी, पहिला मजला, एसी खोली. पोहोचलो का हे विचारायला आईने बदलापूरहून दोनदा फोन केला.

माझ्या बाबांची हीच कंपनी. मी चार वर्षांचा असताना ते पहिल्या पाळीला म्हणून गेले आणि परत आले नाहीत. त्या दिवशी ते कामावर आलेच नव्हते, असं कंपनीने लिहून दिलं. नातेवाईक म्हणाले, पळाला कुणाबरोबर तरी. आई अजून कुंकू लावते. मी इथे अर्ज केला तेव्हा दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

यशोधरा मॅडम काम शिकवतात. राहतात उल्हासनगर कॅम्प पाचला, महिनाअखेर निवृत्त होणार. मशीन म्हणजे जुना मेनफ्रेम कॉम्प्युटर, कपाटाएवढा. माउस नाही. काळा पडदा, हिरवी अक्षरं, कमांड टाइप करायची. बारावी नापास मुलाला का घेतलं, असं मी घाबरत विचारलं. म्हणाल्या, तुझ्या अर्जात एकही चूक नव्हती. हे मशीन माझ्या सासूसारखं आहे, एक अक्षर चुकलं की तोंड फिरवून बसतं.

५ फेब्रुवारी
महिनाअखेर मशीन बंद होणार. एकेक फाईल नव्या कॉम्प्युटरवर कॉपी करायची, ओळी मोजून ताडून बघायच्या, मग जुनी डिलीट. इथे कचरापेटी नाही, डिलीट म्हणजे डिलीट. म्हणून मॅडमचा नियम: एंटर दाबण्याआधी फाईलवरचं नाव मोठ्याने वाचायचं.

आज आणखी एक शिकलो. मशीनची एक यादी असते, तिला कॅटलॉग म्हणतात. यादीतून नाव काढलं तरी फाईल डिस्कवर तशीच राहते. फक्त कोणाला सापडत नाही. हे सांगून झाल्यावर मॅडम बराच वेळ चष्मा पुसत बसल्या.

१० फेब्रुवारी
डिस्कवर २३१४ फाईली, यादीत २३१३. एकाचा फरक मला सहन होत नाही. जेवायला न जाता शोधली. कामगार नंबर ४१७, हजेरी. मॅडमना न विचारता नाव यादीत परत घातलं. मग उघडली.

श्यामकांत वायले. माझे बाबा.

शेवटची ओळ, २० जून २००६. आत: ६.५२. बाहेर: कोरं.

म्हणजे ते आले होते. पळाले नव्हते. आईला कसं सांगू?

११ फेब्रुवारी
मॅडमना दाखवलं. वायले आडनाव वाचूनच मला ओळखलं होतं, म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. त्या दिवशी प्लँट तीनमध्ये वायू सुटला. सगळे बाहेर धावले. बाबांचा रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आला नव्हता. आणि इथला नियमच आहे, रिलीव्हर समोर येऊन उभा राहिल्याशिवाय रिअ‍ॅक्टर सोडायचा नाही. बाबा थांबले. नंतर प्लँटची दारं विटांनी बुजवली, आत कोणी पाहिलं नाही. तेव्हाच्या मॅनेजरने मॅडमना फाईल डिलीट करायला सांगितली. त्यांचा हात धजला नाही. त्यांनी फक्त नाव यादीतून काढलं.

प्लँट तीन आमच्या खोलीच्या बरोबर खाली आहे.

मॅडम म्हणाल्या, आता तू डिलीट कर, सुटू दे त्यांना. मी उद्या म्हणालो.

१२ फेब्रुवारी
फाईलमध्ये एक ओळ जास्त आहे. आजची तारीख. आत: ६.५२. बाहेर: कोरं.
मॅडम देवाची शपथ घेऊन सांगतात, त्यांनी टाइप केलेलं नाही. मीही नाही.

१३ फेब्रुवारी
आजही. ६.५२.
फरशीतून सडक्या लसणासारखा वास. खालून पाइपवर पान्याचे ठोके. तीन, थांबून पुन्हा तीन. मॅडमनी ठोके ओळखले. रिलीव्हरला हाक मारायची ती खूण होती. त्या बाराला निघून गेल्या. रिक्षातून फोन केला, चंदू, डिलीट कर आणि खाली उतर, मागे वळून बघू नको.

१४ फेब्रुवारी, दुपारी २.५०
कमांड टाइप केली. नियमाप्रमाणे नाव मोठ्याने वाचलं. श्यामकांत वायले.
ठोके थांबले. खाली कोणीतरी कान देऊन ऐकतंय—
एंटर दाबवेना. परत पुसून टाकू त्यांना? मीच?
फाईल उघडली. ‘बाहेर’पुढे १५.०० लिहिलं, पहिली पाळी सुटायची वेळ. मशीनने नकार दिला. रिलीव्हरचा नंबर मागितला.
माझा नंबर ११६२. दोनदा तपासून टाकला.
घेतला.

३.२०
आईचा फोन. हसतेय की रडतेय कळेना. चंदू, बाबा आले रे. दारात उभे आहेत, निळा युनिफॉर्म, हातात हेल्मेट. अजून एकतीसचेच दिसतायत, मला मेलीला समोर उभं राहायची लाज वाटते. चहा मागितला. विचारतायत, चंदू झोपलाय का.

३.४०
दार उघडत नाही. वास गळ्यापर्यंत आलाय.
फाईल पाहिली. कामगार ११६२. आत: १५.००. बाहेर: कोरं.
आईला सांगितलं, त्यांना जेवायला वाढ. मी येतो. माझा रिलीव्हर आला की लगेच—
पण मशीन बंद होणार, या पाळीनंतर इथे कोणाला पाठवणार—
फरशीवर तीन ठोके मारले. खालून कोणी नाही. परत मारतो. तीन, थांबून