रिकाम्या डब्याचं लेबल

३ फेब्रुवारी
आजपासून रोज लिहिणार. मोजकं.
पेपरात बिटकॉइनचा भाव आला आहे. दोनदा वाचला. दादाकडे चाळीस होते.
पंधरा वर्षांपूर्वी त्याने जुन्या कॉम्प्युटरवर जमवले. कॉम्प्युटर दिवसभर घरघरायचा. मी म्हणालो होतो, विजेचं बिल वाढतंय आणि हे खेळण्यातले पैसे आहेत. तो म्हणाला होता, अर्धे तुझे. म्हणजे वीस माझे. मुळात कॉम्प्युटरही दोघांचा. माऊस मी घेतला होता.
दादाला जाऊन दोन वर्षं झाली. कॉम्प्युटर भंगारात गेला. हार्ड डिस्क कपाटावर, बुटांच्या खोक्यात आहे.
आधी डिस्क, मग फाइल, मग पासवर्ड. आठ दिवस पुरेत. रेकॉर्ड रूममध्ये सव्वीस वर्षं काढली आहेत. माझ्या हातून एकही फाइल हरवलेली नाही. जी हरवली, ती माझ्या बदलीच्या आधीची होती.

४ फेब्रुवारी
खोकं काढताना वहिनीने पाहिलं. भाऊजी, काय शोधताय? फोटो, म्हणालो. तात्पुरतं. काम झालं की सगळं सांगणारच आहे. आधीच सांगून उगाच आशा लावू नये.
पण ती खुर्ची ओढून बसली. म्हणाली, त्यात ह्यांचा आवाज असेल. माझं नाव घेऊन एकदा काहीतरी रेकॉर्ड केलं होतं. ऐकवलं नाही. म्हणायचे, म्हातारी झालीस की ऐकवतो.
मी म्हणालो, बघू.
ती म्हणाली, भाऊजी, आता झालेच की मी.

६ फेब्रुवारी, सायंकाळी ६.१०
डिस्क लॅपटॉपला जोडली. टक टक टक. थांबली. पुन्हा टक टक टक.
दादा कुठलाही डबा उघडण्याआधी झाकणावर तीन टिचक्या मारायचा. आतलं खाली बसावं म्हणून. योगायोग आहे.
वहिनी ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. मी म्हणालो, मशीनचा आवाज आहे. ती म्हणाली, माहीत आहे. तरी उभीच. तिच्या बोटांवरून फरशीवर पाणी ठिबकत होतं. नंतर पुसलं.
डिस्क उघडली नाही. गरम व्हायला वेळ लागत असावा.

९ फेब्रुवारी, रविवार
आज पासवर्ड. दादा म्हणाला होता, चावी घरातच आहे, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. म्हणजे सोपं आहे. दारांच्या मागे पाहिलं, फोटोंच्या चौकटी काढल्या, भिंतीवरचं घड्याळ उघडलं. ते आता पंधरा मिनिटं मागे चालतं. आधीही चालत असावं.
वहिनीने स्वयंपाकघरातून सांगितलं, घोडा संपलाय, उद्या येताना आणा. साखर, मी म्हणालो. ती म्हणाली, तेच ते.
ही दादाची थट्टा. आठ डब्यांवर आठ भलतीच लेबलं. साखरेवर घोडा, मिठावर पाहुणा, चहावर वकील. नवखा माणूस चहात पाहुणा ढवळून बसायचा आणि दादा हसत सुटायचा. तो गेल्यावर महिन्याभरात मी सगळी लेबलं ब्लेडने खरवडली. टाइप केलेली नवीन लावली. चुकीचं लेबल म्हणजे खोटी साक्ष. वहिनी त्या दिवशी जेवली नाही. पोट बिघडलं असावं.
आठवा डबा रिकामाच असे. त्याचं लेबल मी सगळ्यात आधी खरवडलं. त्यावर काय होतं ते इथे लिहायची गरज नाही.

१२ फेब्रुवारी
जिन्याखाली दुकान असलेल्या रिपेअरवाल्याकडे गेलो. त्याने डिस्क डॉक्टरसारखी कानाला लावली. म्हणाला, साहेब, हेड गेलंय, आतली वाचणारी सुई. काही झालं तरी उघडू नका. धुळीचा कण आत पडला म्हणजे डोंगर पडला समजा. लॅबला पाठवा. तीन महिने लागतील, खर्च बराच येईल, पण निघेल.
मग विचारलं, आत काय आहे? फोटो, म्हणालो. तो म्हणाला, फोटोवाली माणसं रडतात साहेब. तुम्ही घाम पुसताय.
उद्धट माणूस. लॅब नको. लॅबवाले आतल्या फाइली बघणारच. परक्यावर विश्वास ठेवून माणूस बुडतो.
आठ दिवस काल संपले. सुट्ट्या धरल्या नव्हत्या.

१५ फेब्रुवारी
व्हिडिओत दाखवतात: डिस्क पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवायची. गारठ्याने धातू आकसतो, अडकलेलं सुटतं. शास्त्र आहे. ठेवली.
दुपारी वहिनीला ती मटारच्या पाकिटाखाली सापडली. मला वाटलं रागावेल. ती म्हणाली, ह्यांना थंडी सोसत नव्हती हो.
मग तिने डिस्कला एक जुना टॉवेल गुंडाळला आणि होती तिथे परत ठेवली. टॉवेलमुळे गारठा नीट बसणार नाही. पण काढायला सांगितलं नाही.

१७ फेब्रुवारी, सकाळी ७.४०
उघडली! चौदा सेकंद. पडद्यावर फोल्डर आले. एकाचं नाव "आवाज". त्याखाली आणखी एक होतं, वाचायच्या आत गेलं. मग टक टक टक.
त्या खालच्यातच वॉलेट, म्हणजे बिटकॉइनची फाइल असणार. पद्धत बरोबर आहे हे सिद्ध झालं.
वहिनीने विचारलं, काही दिसलं? मी म्हणालो, प्रगती आहे. "आवाज"चं सांगितलं नाही. हातात आल्याशिवाय नोंद करू नये, असा नियम आहे.

२० फेब्रुवारी
ऑफिसातून लवकर आलो. डिस्क टेबलाच्या खणात, वायर काढलेली. टक टक टक.
विजेशिवाय डिस्क वाजू शकत नाही. वहिनी डबे लावत असेल म्हणून स्वयंपाकघरात गेलो. ती घरात नव्हती. चप्पल दारात नव्हती. आठही डबे ओळीने, झाकणं बंद.
एकेका झाकणाला कान लावला. तपासणी म्हणून. आठव्या डब्याला कान जास्त वेळ लावला गेला. लेबल गेलंय, ब्लेडचे चरे राहिलेत. बोट फिरवलं तर लागतात.
घाबरलो नाही. दिवे लावले ते संध्याकाळ झाली म्हणून.

२२ फेब्रुवारी
वहिनीने टेबलावर सोन्याची बांगडी ठेवली. म्हणाली, जिन्याखालच्याला विचारून आले. लॅबला पाठवा. एवढ्यात भागेल म्हणतो. फोटो नाही निघाले तरी चालतील, तेवढा आवाज काढायला सांगा.
माझ्या परवानगीशिवाय तिथे गेली. वर बांगडी. मी तिच्या बांगडीवर जगतो की काय? म्हणालो, उचला ती, उद्या मी स्वतः काढून देतो.
ती म्हणाली, तुम्हाला जमेल?
हा प्रश्न दादा विचारायचा. याच सुरात.

२३ फेब्रुवारी, रविवार
सकाळी दहाला बाथरूममध्ये बसलो. आधी गरम पाणी सोडून वाफ करायची, म्हणजे धूळ खाली बसते. हेही व्हिडिओत आहे. स्क्रू सहा होते. सहावा लेबलच्या खाली लपवलेला. लेबल खरवडून काढलं.
झाकण निघालं. आत तबकडी, आरसाच. गोल, लख्ख. आरशात दादा होता.
आम्ही दिसायला सारखेच. उतारवयात जास्तच. हे समजायला जरा वेळ गेला. तेवढ्यात हनुवटीवरून एक थेंब आत पडला. वाफेचा. लगेच रुमालाने पुसला. रुमाल धुतलेला होता.
झाकण लावलं, वायर जोडली. नवाच आवाज आला. ब्लेडने डबा खरवडतात तसा. मग काहीच नाही. टक टकसुद्धा नाही.
दोष बनवणाऱ्याचा. इतकी नाजूक वस्तू करूच नये.
वहिनी बाहेर उभी होती. वाफ जाईपर्यंत दार उघडलं नाही.

२४ फेब्रुवारी
रिपेअरवाल्याने झाकण उचलून पाहिलं. विचारलं, पुसलं कुणी? मी म्हणालो, अशीच मिळाली. तो म्हणाला, मग ज्याच्याकडून मिळाली त्याला सांगा, आता लॅबही हात लावणार नाही. पैसे घेतले नाहीत.
वहिनीला सांगायचं कसं, याचा आराखडा: थोडक्यात, शांतपणे, तांत्रिक भाषेत.

२६ फेब्रुवारी
अजून सांगितलं नाही. ती विचारत नाही. जेवण वाढताना टेबलाच्या खणाकडे बघते.
घर फार शांत आहे. आवाज होता तेव्हा बरं होतं, असं म्हणणार नाही.

१ मार्च
सांगितलं. आराखड्याप्रमाणे झालं नाही. आधी म्हणालो, बिघडली. मग म्हणालो, मी बिघडवली. मग फोटो नव्हे, पैसे शोधत होतो, हेही निघालं. चाळीस. अर्धे माझे.
पैशांबद्दल तिने काही विचारलं नाही. विचारलं, आवाज होता का त्यात?
होता. फोल्डर दिसलं होतं. चौदा सेकंद.
ती ओट्याची कड धरून उभी राहिली. मग म्हणाली, चावी सापडली का तुम्हाला?
नाही, म्हणालो.
ती डब्यांपाशी गेली. डावीकडून एकेका झाकणावर बोट ठेवत म्हणत गेली. घोडा. पाहुणा. वकील. चप्पल. आरसा. बोगदा. शिट्टी. म्हणाली, इंग्रजी अक्षरांत, सगळं जोडून. ह्यांनी पाठ करून घेतलं होतं. म्हणायचे, तो विचारेल तेव्हा सांग, आपण होऊन सांगू नकोस, त्याला शिकवलेलं खपत नाही. तुम्ही घड्याळ उघडलंत भाऊजी. मला नाही विचारलंत.
मी म्हणालो, सात झाले.
आठव्या डब्यावर तिने बोट ठेवलं नाही. म्हणाली, तो तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच खरवडलात.
धाकटा.
रिकाम्या डब्यावर त्याने धाकटा लिहिलं होतं. सहा वर्षं मी ते रोज वाचलं आणि रोज गिळलं.
वहिनी म्हणाली, ह्याच्याशिवाय उघडतच नाही, असं म्हणून हसायचे.

१ मार्च, सायंकाळी
आठवा डबा खोलीत आणलाय. लेबल टाइप करायला घेतलं होतं, पण टाइप केलेलं बरं दिसेना. हाताने लिहिलं. जरा वाकडं आलं.
उघडण्याआधी झाकणावर तीन टिचक्या मारल्या. का, ते सांगता येत नाही. आत काही नव्हतंच.
स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. वहिनीने विचारलं, कोण?
मी, म्हणालो.
मग नळ सुरू झाला.
उद्या आणणे: घोडा, एक किलो.