मुकुंदवाडीतला बर्फ

प्रिय शम्मो,

मुकुंदवाडीत बर्फ पडत नाही, हे तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, तिथल्या शेळ्यांनाही ठाऊक असावं. फक्त प्रशिक्षणवाल्या पोरींना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

पोटासाठी बाहेरून आलेली माणसं, सोयगावाकडची, बिहारची, स्टेशनामागच्या वस्तीत राहतात ना, त्यांच्यासाठी आत्महत्या रोखण्याचं प्रशिक्षण होतं. जिवाला कंटाळलेला माणूस शेजाऱ्यांनी ओळखायचा कसा, थांबवायचा कसा. हेतूबद्दल माझी तक्रार नाही. पण पुस्तिका इंग्रजी, आणि परदेशात जाऊन राहिलेल्यांसाठी लिहिलेली! ‘मॅडम, तुम्ही कॉन्व्हेंटच्या, तोंडी भाषांतर करा,’ म्हणून मला धरून नेलं. वय वर्षं चौऱ्याहत्तर, एप्रिलचं ऊन, वर पत्रे, आणि मी वाचतेय, ‘बर्फामुळे आठवडा आठवडा घरात कोंडून पडावं लागतं का?’ देवगाव रंगारीची सारजाबाई बांधकामावर विटा वाहते. तिनं पदरानं घाम पुसत विचारलं, "बाई, ह्यो बर्फ फ्याक्टरीतला का?" सगळ्या खदाखदा हसल्या आणि मी शिकवणाऱ्या पोरीला चांगलंच सुनावलं.

पुढं ऐक. जोड्या करून एकमेकींना थेट विचारायचं: जीव द्यायचा विचार मनात येतो का? विचारल्यानं तो डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो म्हणे. एकीच्याही तोंडून तो प्रश्न निघेना. लक्ष्मीबाई म्हणाली, "असलं अभद्र नाय बोलू." शकीलानं दोन्ही कानांना हात लावले. मग मीच भडकून सारजाबाईकडं वळले आणि ट्रंककॉलच्या आवाजात विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "मला नाय येत. तुमच्या वळखीत कुणाला येत असंल तर त्याला इचारा की. माझ्यावर कशाला वरडता?"

रागानंच मी पान उलटलं. पुढं खुणा दिल्या होत्या. मुलगा-सून दिवसभर कामावर. घराबाहेर आपली भाषा बोलणारं कुणी नाही. झोप उडालेली. आपण ओझं झालोय, असं सारखं बोलणं. आणि जन्मभर जपलेल्या वस्तू एकेक करून देऊन टाकणं. या ओळीचं भाषांतर मला जमलं नाही. पोरगी म्हणाली, "मॅडम, पुढं?" मी म्हटलं, चष्म्यातून नीट दिसत नाहीये.

शम्मो, अम्मीचा अडकित्ता मला का पाठवलास? शाळेत असताना त्याला बोटसुद्धा लावू दिलं नव्हतंस. मार्चमध्ये तुझ्या लेकाच्या, गयासच्या मित्राबरोबर कॅनडाहून निकाहातली हिमरू शाल पाठवलीस, आता हा. मी फोनवर तुलाच फटकारलं, ‘सुपारी खायला मला दात उरलेत का?’ तू हसली नाहीस. ‘आता मला काही लागत नाही गं,’ एवढंच म्हणालीस आणि गप्प झालीस. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली बाई मी, कॅनडाची लाइन खराब आहे असं समजून फोन ठेवला. लाइन चांगली स्वच्छ होती.

कालपासून तीनदा फोन लावला आणि तीनदा तिकडचं हवापाणी विचारून ठेवला. सारजाबाईवर ओरडता आलं, तुला विचारता येत नाही. म्हणून हे लिहिणं. शमशाद, तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का? येत असेल तर ‘हो’ म्हण. मी उपदेश करणार नाही, तौबाही करायला लावणार नाही. ऐकून घेईन. मग तुझ्या गयासला आपण दोघी मिळून सांगू आणि तो तुला डॉक्टरकडं नेईल. हे पोस्टात टाकत नाही, फोटो काढून आत्ताच पाठवते. वाचलंस की फोन कर. तासाभरात आला नाही तर मी करीन, आणि या वेळी हवापाणी विचारणार नाही. अडकित्ता माझ्याकडं अमानत आहे. न्यायला तुलाच यावं लागेल.

तुझीच, अजून रागावलेली,
मनकर्णा