तीट की तीळ

३ नोव्हें., सोम.
सावंगीच्या दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टरबाईंनी डाव्या गालावरचा तीळ भिंगातून पाह्यला. दोनदा. "लहानपणापासून आहे का?" म्हटलं, असेल. "असेल नको, फोटो आणा. जुना असला तर नुसती नजर ठेवू. नसला तर तुकडा काढून तपासू." बाहेर ह्यांनी चहा विचारला. म्हटलं, आधी घरी चला, फोटो पाहू.

४ नोव्हें., मंगळ.
मोबाईलमधल्या सगळ्या फोटोंत तीळ आहे. लग्नाच्या अल्बमात पावडरच पावडर. लहानपणची म्हणजे बाबांची स्लाईडची डबी. एकीत मी आईच्या कडेवर, दोन वर्षांची. खिडकीसमोर धरली. चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा. ह्यांनी त्यांच्या शाळेतला स्कॅनर आणला, त्यात स्लाईड लागते.

५ नोव्हें., बुध.
६०० डीपीआयवर स्कॅन केली. गाल साफ. पोळ्या लाटता लाटता रडली.
हे: "काऊन रडून राह्यली? फाईल लहान व्हावी म्हणून ६०० ठेवलं मी. २४०० वर करू."
२४०० वरही साफ. भाजीत मीठ दोनदा पडलं.

६ नोव्हें., गुरु.
ह्यांना आज दिसलं, 'धूळ काढा' वर टिक होती. काळा ठिपका दिसला की मशीन पुसून टाके. टिक काढली, पुन्हा २४००. ठिपका आला. डावाच गाल. पोटभर जेवली.

७ नोव्हें., शुक्र.
कशाले आईले फोन केला. हसली. "अवं, ते तीट व्हय. तुह्या बाबानं कॅमेरा काढला का मी पयले काजळ लावो. नजर लागू नाई म्हणून."
कोणत्या गालाले?
"हात जाईन त्या गालाले."
आईले तिळाचं सांगतलंच नाई.

८ नोव्हें., शनि.
४८०० वर ठिपका मोठा झाला अन् कड फुटली. काजळ की तीळ, काईच कळत नाई. हे म्हणतात आणखी वाढवू. काय वाढवता, पुढे नुसते फिल्मचे दाणे. भीती वाटते. सोमवारी पुन्हा सावंगी.

९ नोव्हें., रवि.
डबीत तळाशी आणखी एक. मी घंगाळात बसली आहे, आई डोक्यावरून पाणी ओतून राह्यली. डावा गाल समोर. आंघोळीत तीट राहते का?
लावली मशीनमध्ये. २४०० पुरे. टिक नाई, तीनदा पाह्यलं. पाह्यता पाह्यता मीच पदराचं ओलं टोक आपल्या गालावर घासून राह्यली होती, गाल लाल.
हे म्हणाले, "स्कॅनचं बटन दाबू?"
म्हटलं, थांबा जरा.