पेटीतलं कोशाचं लुगडं

तिरुपूर, ९ नोव्हेंबर २०२४

ति. दामिनीताईस भूषणचा सा. न.

तं मीच वाईट! तू फोन कापते, मोनिकाताई फोनवर रडते, अन् दोघी म्हणता, भूषणनंच आग लावली. फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. फाडशील, पण वाचूनच फाडशील.

दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेले घरी जा, असं मोनिकाताईले मीच म्हटलं. पळून लग्न केल्यावर नऊ वर्षांनी ती मोहाडीले आली. बाबांनी तिच्यासाठी विणलेलं लग्नाचं कोशाचं रेशमी लुगडं मायनं पेटीत जपलं होतं. तिनं पेटी उघडली तं रिकामी! माय गेली तेव्हा तू तेच तिच्यावर घातलं अन् जाळलं. काहून? मोनिकाताईची माफी माग.

इथं शिलाईचं काम बरं आहे. लोभ असावा.

भूषण

मोहाडी, १८ नोव्हेंबर

चि. भूषणले अनेक आशीर्वाद.

सातवी नापास, अन् मले शिकवून राहिला! ते लुगडं बाबांनी विणलंच नाही. त्यांची नजर गेली तेव्हा मी नववीत होती. बायांनी सुताच्या कांड्या भराव्या, मागावर पुरुषानं बसावं, ही आपली रीत. म्हणून दार लावून मी विणायची अन् नाव बाबांचं चालायचं. त्यावरच मोनिका बी.ए. झाली. मी लग्न करून मागावरून उठली असती तं माग बंद पडला असता, म्हणून मी मोठी असून तिचं लग्न आधी ठरवलं. अडीच महिने तिचं लुगडं विणलं. लग्नाच्या आठ दिवस आधी ती दुसऱ्यासंगं पळाली.

माय गेली तेव्हा रीतीप्रमाणं तिच्या माहेरचं शेवटचं लुगडं आणायले कोणी उरलं नव्हतं. घरात कोरं तेवढंच होतं. माझ्या हातचं होतं, मी मायले नेसवलं. तुम्ही दोघं कुठं होते? माफी कायले मागू?

जेवणाची हयगय करू नको.

दामिनी

तिरुपूर, २७ नोव्हेंबर

ति. ताईस सा. न.

तुझं पत्र मोनिकाताईले फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, मले कोणी सांगितलंच नाही. मी म्हटलं, तू विचारलं होतं का? तिनं फोन कापला. आता फोन कापण्यात तुमचं दोघींचं सारखं झालं.

बोलावल्याशिवाय ती येणार नाही, अन् तू बोलावणार नाहीस. मी समजावून थकलो. पण माग अजून उभा आहे. एक लुगडं वीण. तिच्यासाठी नाही, पेटीसाठी नाही. दार उघडं ठेवून वीण अन् पुढच्या मंडईले तूच नेस. कोणी विणलं म्हणून विचारलं तं आपलं नाव सांग.

माझ्यावर लोभ नसला तरी चालेल. सुतासाठी पाठवून राहिलो, रुपये पाच हजार दोनशे.