चौथ्या सरीचं नाव

मसुरे,
ता. २६ नोव्हेंबर १९६१

प्रिय सुगंधा,

'चि. सौ.' लिहायची रीत मला ठाऊक आहे. सातवी पास झालेला माणूस मी, वाडीतल्या निम्म्या लोकांची पत्रं मीच लिहितो. पण आठ वर्षांपूर्वी तुझ्या लग्नाला मी लग्नच म्हटलं नाही, मग आता 'सौ.' कोणत्या तोंडानं लिहू? ज्यानं चार लोकांच्या देखत विहिरीवर उभं राहून पोटच्या मुलीच्या नावानं आंघोळ केली, त्याचा आशीर्वाद तरी तू का घ्यावास? म्हणून 'प्रिय' लिहिलं. हा शब्द मी जन्मात कुणाला लिहिलेला नाही, तुझ्या आईलाही नाही. पण खोटा लिहिलेला नाही, एवढं मान.

तू बियाण्याला पाठवलेले बटाटे परवा पोचले. फोंडाघाटचा लवू दिवाळीनंतर नवा गूळ घेऊन आपल्याकडे येतो आणि जाताना आमसुलं, सुकी मासळी घेऊन जातो, हे मी वर्षानुवर्षं बघत होतो. त्या गुळाच्या ढेपांखाली दरसाल तुझं गाठोडं येत होतं, हे मात्र मला गेल्या माघात कळलं. यंदा गाठोड्याची गाठ मी सोडली. आत चार पुरचुंड्या निघाल्या. तीन ओळखीच्या आहेत. चौथीबद्दल शेवटी लिहितो. मधे एक गोष्ट लिहायची आहे, खरं तर तिच्यासाठीच कागद घेतला, पण तिथे हात अडतो. तेव्हा आधी बटाट्यांचंच सांगतो. तू ऐकून घे, मी तुझं काही ऐकून घेतलं नव्हतं तरी.

तुझं पहिलं गाठोडं आलं ते माझ्याच हाती पडलं होतं, तुला कुणी सांगितलं का? तू गेल्याच्या पुढच्याच वर्षी. लवूनं भाबडेपणानं 'सुगंधान धाडल्यान' म्हटलं आणि मी ते न सोडताच गायरीत, शेणाच्या ढिगावर, भिरकावून दिलं. त्या शेतकी खात्याच्या माणसाची भीक नको म्हणालो. तो इथे जपानी पद्धतीची भातशेती शिकवायला आला, ओळीत रोपं लावा म्हणाला, आम्ही लावली. भात दीडपट झालं, आणि मुलगी गेली. परजातीचा, घाटावरचा, आणि वर मलाच शेती शिकवणारा. तुझ्या हातचं पाणीही पिणार नाही, असं मी बोलून बसलो. तुझ्या आईनं मान खाली घातली आणि संध्याकाळी शेण काढायच्या निमित्तानं ते गाठोडं उचलून आणलं. धुऊन, राखेत घोळवून, विहिरीमागे जिथे आंघोळीचं पाणी वाहून जातं तिथे एक सरी लावली. फुलवा जातीचे बटाटे होते ते. तुझ्या नावानं मी जिथे आंघोळ केली, तिथल्याच ओलीवर ते वाढले.

आता तू म्हणशील, शेतकरी म्हणवता आणि परसातलं झाड ओळखलं नाहीत? नाही ओळखलं. परसू बायकांचं, माझं राज्य कणगीच्या कंदांचं, त्यांच्या वेलांचं. आजही अख्ख्या वाडीत कणगीचं बी माझ्याकडून नेतात. एकदा तिकडे गेलो तेव्हा विचारलं, ही कसली रोपं. तिनं वर न बघता सांगितलं, "वांगी." पान बघितलं तर वांग्यासारखंच वाटलं. पुढं महिन्यानं विचारलं, फळ कसं नाही धरलं? म्हणाली, "किडीन खाल्लां." सात वर्षं दर हिवाळ्यात त्या वांग्यांना कीड लागत होती आणि मला संशय आला नाही. एवढा शहाणा मी! आणि एकादशीला, शिवरात्रीला ती माझ्यापुढे जिरं घालून बटाट्याची भाजी ठेवायची. मसुऱ्याच्या बाजारात मिळतात त्या बटाट्यांना ही चव नसते, असं मीच तिला चढ्या आवाजात सांगायचो. ती नुसती हसायची. तुझ्या हातचं पाणी न पिणारा माणूस तुझ्या घरचे बटाटे खाऊन उपास करत होता.

गेल्या माघात ती अंथरुणाला खिळली. पोटात दुखायचं, अन्न ठरत नव्हतं. मालवणच्या डॉक्टरांनी बघितलं आणि मला बाहेर बोलावून औषधापेक्षा तिला हवं ते खायला घाला म्हटलं. आंगणेवाडीची जत्रा चुकली म्हणून ती एक दिवस रडली, तेवढीच. मागच्या पडवीत तिचं बाजलं टाकलं होतं, तिथून परसू दिसायचं. एक दिवस म्हणाली, माझ्याच्यानं उठवत नाही, तुम्ही जरा कुदळ घ्या. मी घेतली. तर बाजल्यावरून सांगते कशी, "आदी जानकीच्या सरीत खणा, ते तांबडे लवकर होतत. मगे महादूची. सुगंधाची शेवटाक." मला वाटलं तापात बरळते आहे. महादू माझ्या बापाचं नाव, त्याला जाऊन तीस वर्षं झाली. तुझं नाव तर या घरात कुणी घेत नव्हतं. मी विचारलं, कोण महादू, कोण जानकी? ती म्हणाली, "तुमची नातवंडां ती. बटाटे तेंच्या आवशीन धाडलेले."

तेव्हा कळलं सगळं. मूल झालं की तू नव्या जातीचं बी पाठवायचीस आणि तुझी आई त्या सरीला त्या मुलाचं नाव द्यायची. नातवंडांचं तोंड तिनं बघितलं नव्हतं. लवू जेवढं सांगेल तेवढंच. मुलगा रांगायला लागला म्हणाला की ती महादूच्या सरीला माती चढवायची. फुलवा तुझा, तांबडा दार्जिलिंग जानकीचा आणि महादूच्या वाट्याला अपटुडेट. माझ्या बापानं लंगोटीवर जन्म काढला, आणि त्याच्या नावाची सरी अपटुडेट! आज लिहिताना हसू येतं. त्या दिवशी आलं नाही. तू मुलाला माझ्या बापाचं नाव ठेवलंस, आणि मला ते कुदळ हातात असताना कळलं.

तिथेच कुदळ टाकून तिच्याजवळ बसलो असतो तर आज हे पत्र वेगळं झालं असतं. मी बसलो नाही. मला राग आला. माझ्याच घरात, माझ्याच ताटात, सात वर्षं मला फसवलं म्हणून. मी तिन्ही सऱ्या खणल्या, एकही बटाटा चिरला नाही, पण तिच्याशी बोललो नाही. ती बाजल्यावरून म्हणाली, "उनात पसरू नकात, हिरवे होतत," तर मी सावलीत पसरले, तेही न बोलता. असे पाच दिवस. ती रोज सकाळी म्हणायची, "बोला मा वायच." पाचव्या संध्याकाळी तिनं मागितलं, "जानकीच्या सरीतलो एक बटाटो उकडून देशात?" मी उठलो आणि शेजारच्या काशीबाईला जाऊन सांगितलं. काशीबाईनं उकडून, मीठ लावून भरवला. अर्धा खाल्ला तिनं. अर्धा वाडग्यात राहिला. सकाळी मी उठलो तेव्हा वाडगा तसाच होता आणि ती नव्हती.

तुझी आई गेली, सुगंधा. होळीला आठ दिवस होते. नऊ महिने झाले आणि मी तुला कळवलं नाही. तुझा मामा शिवा तार करायला निघाला होता. मी त्याला दारातच अडवलं. म्हटलं, कुणाला तार? मला मुलगी नाही. वाडीत कुणाची माझ्यापुढे बोलायची छाती झाली नाही. तिच्यासाठी तू परवाचं गाठोडं बांधलंस, चारी पुरचुंड्यांना वेगवेगळ्या रंगाची चिंधी लावलीस, तिला वाचता येत नाही म्हणून. ते बघून मला जे झालं ते लिहिता येत नाही.

माझ्या हातून आणखी काय झालं तेही ऐक. खणलेले बटाटे मी माळ्यावर ठेवले होते. तिच्यामागे तीन सऱ्या चुकू द्यायच्या नाहीत असं ठरवलं. पण लावायचे कधी, हे कुणाला विचारायचं? कणगी मी मिरगाला लावतो, जमिनीतलं ते सगळं मिरगाचं, एवढीच माझी विद्या. शेण घातलं, राख घातली, सरळ रेषेत लावले. काठीला नावं लिहिली, सुगंधा, महादू, जानकी. आठ-दहा कोंब वर आले, मग काळे पडले. उकरायला हात घातला तर बोटं आत गेली. सगळे कुजले होते. ती गेली तेव्हा मी रडलो नव्हतो. स्मशानात लोक म्हणाले, दाजी घट्ट माणूस. त्या दिवशी भर पावसात, चिखलात बसून मी रडलो. ते पाच दिवस तोंड उघडून एकदा जरी विचारलं असतं, हे कधी लावतात गो, तर तिनं सांगितलं असतं, दिवाळीनंतर. परवा ते मला लवूनं सांगितलं. घाटावरचं बी इथला पावसाळा काढत नाही, म्हणून तू दरसाल ताजं पाठवतेस, हेही त्यानंच.

आता राहिलं ते सांगतो. दहाव्या दिवशी नदीवर पिंड ठेवला. माडांवर कावळेच कावळे, एक खाली उतरेना. शिवानं हात जोडून म्हटलं, गाय सांभाळू. काशीबाईनं म्हटलं, तुळशीला पाणी चुकणार नाही. कावळा ढिम्म. ऊन डोक्यावर आलं. सगळ्यांना ठाऊक होतं तिचं मन कशात अडकलंय. सगळे माझ्याकडे बघत होते. शेवटी शिवा कानाशी येऊन म्हणाला, "भावजी, एकदा म्हणा, चेडवाक हाडतंय म्हणान. फक्त म्हणा." मुलीला आणतो, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. जीभ उचलली नाही माझी. भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो. तुझ्या आईला मी तसंच पाठवलं.

परवा लवू अंगणात येऊन नेहमीसारखं "काकी खंय आसत?" म्हणाला. मी सांगितलं तसा तो पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. परका माणूस, पण माझ्या आधी त्याला सुचलं. म्हणाला, सुगंधाला मी जाऊन सांगतो. मी म्हटलं, नको, मी लिहितो, तू फक्त पत्र ने. दोन दिवस तो त्यासाठीच थांबला आहे. मग मी चौथी पुरचुंडी सोडली. जांभळट सालीचे बारके बटाटे. लवू म्हणाला, श्रावणात बाळ झालं, आणि नाव सांगायला लागला. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. ते नाव तुझ्या आईला सांगायचं होतं. ते असं चोरून ऐकायचा मला हक्क नाही.

काल सकाळी विहिरीमागे चार सऱ्या ओढल्या. तीन लावल्या. काशीबाई काठाला बसून सांगत होती, मी लावत होतो, उलट बोललो नाही. चौथी तशीच उघडी ठेवली आहे. मग काशीबाई गेल्यावर तिथेच उभा राहून मी म्हटलं, "यशोदा, चेडवाक हाडतंय." मोठ्यानं म्हटलं, नदीवर म्हणायला हवं होतं तेवढ्या मोठ्यानं. कावळा वगैरे कुणी आलं नाही. नऊ महिन्यांनी कशाला कोण येईल? पण शब्द मी दिला आहे आणि आता तो पुरा करणं तुझ्या हातात आहे, म्हणून हे पत्र. श्रीपतरावांना, माझ्या जावयाला, घेऊन ये. त्यांना सांग, मला बटाटे लावता येत नाहीत, शिकवायला या. महादूला आण, जानकीला आण. माझ्यावरचा राग सोडू नकोस, तोही घेऊन ये, माझ्यासमोर बसून काढ. जांभळे बटाटे मी टोपलीत वाळूवर ठेवले आहेत, महिनाभर टिकतील असं लवू म्हणतो. ती सरी तू तुझ्या हातानं लाव आणि नाव सांग. मला हल्ली कमी ऐकू येतं, पण मोठ्यानं सांग म्हणतो ते माझ्यासाठी नाही. तिला ऐकू जाऊ दे.

तुझाच,
दाजी