मगावरचं एक नाव

१२ सप्टेंबर १९३८

लोरेन्झ सकाळीच दुकानात आला. बगलेत पलटणीचा बिअरचा मग, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. वाटलं, झाकण निखळलं असेल. तसं नव्हतं. मागच्या बाजूला सोबत्यांची नावं आहेत, त्यातल्या एकावर त्याने बोट ठेवलं — "एवढं काढून टाक, बुर्गल."

झिगमुंट गुम्पर्ट.

१९१० साली पलटणीतून सुटून आलेल्या गावच्या पोरांनी हे मग बाबांकडून रंगवून घेतले होते. प्रत्येकाच्या मगावर सगळ्यांची नावं. तळाशी चिनी मातीच्या कारखान्याचा शिक्का, शेजारी बाबांची खूण — निळी गोगलगाय.

म्हटलं, "झिगी तर तुझा दोस्त."

"आहेच गं. पण हा मग माझ्या खानावळीत टांगलेला असतो. हल्ली ते दंडाला स्वस्तिकाची पट्टी बांधलेले येतात. ज्यूचं नाव वाचतात आणि माझ्याकडे बघतात."

१३ सप्टेंबर

काढलं. आधी आम्ल, नंतर दगडाने घासणं. पण उजेडात धरलं की तेवढीच जागा मळकट दिसते. नावाएवढी.

२० सप्टेंबर

कास्पर लोहारही आला. "लोरेन्झचं केलंस ना, तसं." नाव कुणी उच्चारत नाही. वर हसला — "दात उपटण्यापेक्षा सोपं, काय?" संध्याकाळी पोस्टमनची बायको, नवऱ्याचा मग घेऊन.

काम करताना मग आडवा धरावा लागतो. तळाची गोगलगाय सतत डोळ्यांसमोर.

२ ऑक्टोबर

आम्लाने बोटं पोळली. चर्चमध्ये हातमोजे घालून बसले.

१४ ऑक्टोबर

गुम्पर्ट आला. मागच्या दाराने. बिअरमध्ये घालतात त्या हॉप्सच्या फुलांचा एवढा मोठा व्यापारी, आणि कोटाला एक बटण नाही. बाबांच्या स्टुलावर बसला.

"कास्परचा मग इथेच आहे ना? दाखव."

दाखवला. खिडकीकडे तिरपा धरून त्याने त्या जागेवरून बोट फिरवलं. नंतर तळ बघितला.

"साफ नाही झालं, बुर्गल. ही गोगलगाय खाली असताना तुझ्या बाबांनी असलं काम बाहेर जाऊ दिलं नसतं."

"नाही कसं म्हणू त्यांना, झिगीदादा?"

"एकदा म्हणून बघ. माझ्यासाठी नको. मी चाललो. जहाजाची तिकिटं जमली तर पुढच्या आठवड्यात."

चहा विचारला. नको म्हणाला. जाताना मागचं दार त्याने इतकं हळू लावलं की मला कळलंच नाही.

१७ ऑक्टोबर

पोस्टमनचा मग अजून केला नव्हता. तसाच परत दिला. म्हटलं, दगड झिजला.

बाई माझ्याकडे बघत राहिली. "झिजला, की ठेवून दिलास?"

मी दार उघडून धरलं. रात्री बऱ्याच दिवसांनी नीट जेवले.

२४ ऑक्टोबर

गिऱ्हाईक नाही. बेकरीत मी शिरले आणि बायका बोलायच्या थांबल्या.

गुम्पर्टच्या घराच्या खिडक्यांच्या झडपा बंद आहेत. कुणी म्हणतं हॅम्बर्गच्या बंदराला गेले. बाकीचे काही म्हणतच नाहीत. तिकिटं जमली असू देत — असं म्हणते, पण त्यांच्या अंगणात दोरीवर कपडे तसेच वाळत आहेत.

२५ ऑक्टोबर

कपडे अजून तिथेच. पाऊस झाला.

३ नोव्हेंबर

लोरेन्झ. तोच मग. या वेळी पालथा ठेवला.

"ही गोगलगायपण काढ."

"ती बाबांची आहे."

"म्हणूनच तर. तुझी आजी, बाबांची आई, ज्यू घरातली होती ते कळलंय लोकांना." माझा चेहरा बघून त्याचा आवाज खाली आला. "तुला कुणी सांगितलं नव्हतं?"

नव्हतं सांगितलं.

तो मग तिथेच टाकून लोरेन्झ गेला. मी भरदिवसा दुकानाला आतून कडी घातली.